पिंपाच्या स्मोकरमधली हवा: भोकं किती, कुठे आणि का

पिंपाचा स्मोकर म्हणजे लोखंडी पिंपापासून बनवलेली, मांस धुरावर हळूहळू शिजवायची भट्टी. तिच्यात हलणारा भाग जवळजवळ नसतोच. तळाशी कोळशाची टोपली, वर जाळी, जाळीवर मांस आणि सगळ्यावर झाकण. हलते ती फक्त हवा. ती खालून शिरते, निखाऱ्यांतून वर चढते, लाकडाचा धूर सोबत घेते, मांसाला वळसा घालते आणि झाकणातून बाहेर पडते. आच किती राहणार, धूर कडू होणार की गोडसर, एका भरण्यात कोळसा किती वेळ पुरणार, हे सगळं त्या वाटेवर ठरतं. म्हणून पिंपाला ड्रिल लावण्याआधी मी बराच काळ कागद-पेन्सिल घेऊन बसलो. कापणं, जोडणं, टोपली वळवणं ही कामं सोपी होती. खरा प्रश्न झाकणावरच्या भोकांचा होता.

आधी पिंपाबद्दल दोन गोष्टी, कारण यात हयगय चालत नाही. नेहमीचं मोठं पिंप साधारण २०८ लिटरचं असतं, आतला व्यास सुमारे ५७ सेंमी आणि उंची ८५ सेंमीच्या आसपास. आधी काय भरलेलं होतं हे ठाऊक नसेल तर असं पिंप घेऊ नये, मग ते कितीही चकचकीत दिसो. ज्वलनशील द्रव भरलेलं पिंप रिकामं झालं तरी आत वाफ उरते, आणि ग्राइंडरची एक ठिणगी त्या वाफेचा स्फोट घडवू शकते. आतून रंगाचा किंवा इपॉक्सीचा थर असेल तर तो पूर्ण जाळून, घासून काढावा लागतो. मी कोरं, आतून थर नसलेलं पिंप घेतलं. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी किंवा पाइप मी आगीजवळ कुठेही वापरले नाहीत. जस्त ४२० अंश सेल्सिअसला वितळतं, पेटत्या कोळशाजवळ त्याहून जास्त उष्णता असते आणि जस्ताचा धूर माणसाला आजारी पाडतो. शिवाय कमी हवेवर जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. हा स्मोकर उघड्यावरच पेटवायचा. गॅरेजचं दार उघडं ठेवून किंवा छपराखाली आडोशाला नाही.

आता हवा. कोळसा म्हणजे निव्वळ कार्बन धरला, तर एक किलो कार्बन पूर्ण जळायला सुमारे साडेअकरा किलो हवा लागते. आकारमानात ती साडेनऊ ते दहा घनमीटर भरते. म्हणजे पिंपातली सगळी हवा पंचेचाळीसहून जास्त वेळा बदलली, तेव्हा कुठे एक किलो कोळसा जळतो. हा आकडा काढला आणि माझ्या डोक्यातलं स्मोकरचं चित्रच बदललं. तोवर मी पिंपाकडे धूर साठवायचं भांडं म्हणून बघत होतो. प्रत्यक्षात ती हवेची वाट आहे, आणि ती वाट सतत वाहती राहायला हवी.

ही हवा ढकलतं कोण? पंखा नाही, भाता नाही. आतली हवा तापून हलकी होते आणि बाहेरची थंड, जड हवा तिला खालून वर लोटते. बाहेर २५ अंश असेल तर एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.१८ किलो. आत १२० अंश असेल तर तेच ०.९० किलोपर्यंत उतरतं. हा फरक ८५ सेंमी उंचीवर मोजला तर दाब निघतो सुमारे २.४ पास्कल. पाव मिलिमीटर पाण्याचा थर जेवढा दाब देतो तेवढाच. पिंपाचा अख्खा कारभार या एवढ्याशा दाबावर चालतो.

आणि याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवला की डिझाइनमधल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मिळतात. सेकंदाला २ मीटर वेगाने येणारी झुळूक, म्हणजे ताशी सात किलोमीटर, पानं जेमतेम सळसळतील इतकी, समोर येणाऱ्या पृष्ठभागावर जवळजवळ तेवढाच, २.४ पास्कल दाब देते. वेग सेकंदाला ५ मीटर झाला की दाब १५ पास्कलच्या आसपास जातो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. थोडक्यात, पिंपाच्या स्वतःच्या खेचेपेक्षा वाऱ्याचा जोर सहज पाच-सहा पट होऊ शकतो. याचा परिणाम पुढे सगळीकडे दिसेल.

हवा आत यायला मी पाऊण इंची तीन निपल, म्हणजे आटे असलेले पाइपचे छोटे तुकडे, बसवले. पिंपाच्या तळापासून पाच-सहा सेंमी वर, भोवतीने सारख्या अंतरावर. त्यांच्यापैकी एकाला बॉल व्हॉल्व्ह (दांडा फिरवून उघडबंद करायची तोटी), दोघांना आट्यांची टोपणं. ही मांडणी पिंपाच्या स्मोकरमध्ये इतकी रुळलेली आहे की तीत फेरफार करायचं कारण मला दिसलं नाही. उंची मात्र नीट विचार करून ठरवली. निपल फार खाली गेला की राख तोंडाशी येते, आणि तासन् तास पेटलेल्या कोळशाची राख अंदाजापेक्षा जास्त साठते. फार वर गेला तर हवा टोपलीच्या मध्यावर शिरते आणि खालचा कोळसा मंद राहतो. टोपलीला पाय लावून ती तळापासून वर उचलली, म्हणजे राखेला खाली जागा मिळाली आणि हवेला टोपलीखालून पसरता आलं.

पाऊण इंची पाइपचा आतला व्यास सुमारे २१ मिमी. एका निपलचं क्षेत्रफळ ३४५ चौरस मिमीच्या आसपास, तिन्ही मिळून सुमारे १,०३५. झाकणातल्या वाटेचा हिशेब इथून सुरू होतो.

नेहमीचा सल्ला असा की जेवढी हवा आत, तेवढीच बाहेर. दोन्ही क्षेत्रफळं सारखी ठेवा. झाकणावर अर्ध्या इंचाची आठ भोकं पाडण्याचा प्रघात त्यातूनच आला असावा, कारण त्यांचं क्षेत्रफळ १,०१३ चौरस मिमी भरतं, तीन निपलच्या जवळजवळ बरोबर. पण या हिशेबात एक गोष्ट सुटते. बाहेर पडणारी हवा तापलेली असते. २५ अंशांची हवा १२० अंशांवर गेली की ती सुमारे १.३ पट फुगते. वजन तेवढंच, जागा मात्र तीसेक टक्के जास्त. दोन्ही टोकांना अडथळा सारखा ठेवायचा तर वरचं क्षेत्रफळ खालच्यापेक्षा निदान पंधरा टक्के मोठं हवं. वेग सारखा ठेवायचा तर तीस टक्के. आणि हे स्वच्छ भोकांसाठी झालं. धुरातला डांबरासारखा चिकटा भोकांच्या कडेला बसतो. अर्ध्या इंचाच्या भोकाला चहूबाजूंनी एक मिमीचा थर बसला तर उघडी जागा ७१ टक्क्यांवर येते. १६ मिमीच्या भोकात ती ७७ टक्के राहते. भोक जितकं लहान, तितकं ते लवकर मरतं.

म्हणून मी १६ मिमीची आठ भोकं धरली. प्रत्येकाचं क्षेत्रफळ २०१ चौरस मिमी, एकूण १,६०८. तिन्ही निपल सताड उघडे असले तरी बाहेरची वाट दीडपट मोठी. एरवी पेटल्यावर एखाद-दुसराच निपल उघडा असतो, त्यामुळे प्रत्यक्षात वरची वाट खालच्यापेक्षा कितीतरी मोकळी राहते. मला हेच हवं होतं. बाहेरच्या वाटेने कशाचंही नियंत्रण करू नये, फक्त आड येऊ नये.

दुसरा पर्याय हाताशीच होता. बंद झाकणाच्या पिंपाला वर दोन इंची बुचाचं भोक आयतंच असतं. तिथे दोन इंची पाइप बसवला तर आतला व्यास सुमारे ५२ मिमी आणि क्षेत्रफळ २,१०० चौरस मिमीच्या वर, म्हणजे माझ्या आठ भोकांपेक्षाही जास्त. चिकट्याने तो तुंबण्याची भीतीही कमी. अडचण जागेची आहे. हे भोक कडेला असतं. गरम हवा बाहेर पडायला एकच वाट आणि तीही एका कडेला, म्हणजे वर चढणारा सगळा लोट त्या बाजूला कलतो. जाळीच्या त्या भागाखाली आच वाढते, समोरचा भाग मागे राहतो. मांस अधूनमधून फिरवायची तयारी असेल तर हे चालतं. मला झाकण कमीत कमी उघडायचं होतं.

मग भोकं झाकणावर नेमकी कुठे? अगदी मध्यात घोळका केला तर निखाऱ्यांवरून उठणारा लोट सरळ वर जातो आणि बाहेर पडतो. जाळीच्या कडेपर्यंत धूर पोचतोच असं नाही. अगदी कडेला ठेवली तर गरम हवा पत्र्याच्या भिंतीला चिकटून वर जाते आणि तिथेच उष्णता गमावते. मी अशी जागा शोधली की वर्तुळाच्या आतलं क्षेत्रफळ आणि बाहेरचं क्षेत्रफळ सारखं भरेल. त्रिज्या २८६ मिमी असलेल्या झाकणात ती रेषा केंद्रापासून सुमारे २०२ मिमीवर येते. मी २०० धरली. त्या वर्तुळावर आठ भोकं सारख्या अंतराने बसवायची तर शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांमध्ये सरळ रेषेत १५३ मिमी अंतर येतं. मोठा कंपास नव्हता. खिळा, तार आणि खडूने वर्तुळ काढलं आणि १५३ मिमीची पट्टी कापून तिच्या मापाने खुणा करत गेलो. आठवी खूण पहिलीपासून बरोबर एका पट्टीच्या अंतरावर पडली की मांडणी जमली समजायचं.

पत्र्यात मोठं भोक थेट पाडायला गेलं की ड्रिलचं टोक सरकतं आणि भोक लंबगोल होतं. आधी पंचने खड्डा, मग ४ मिमीचं भोक, मग पायऱ्यांचं ड्रिल, हाच क्रम बरा. खाली लाकडाचा ठोकळा धरला की पत्रा वाकत नाही. कडेला उरलेली बूर, म्हणजे पत्र्याची खरबरीत किनार, कानशीने दोन्ही बाजूंनी काढली. हा नुसता नीटनेटकेपणाचा मुद्दा नाही. हवा धारदार कडेच्या भोकातून जाताना आकुंचन पावते आणि प्रत्यक्षात भोकाच्या साठेक टक्के जागेतूनच वाहते. वर खरबरीत बूर असली तर उरलेली जागाही आक्रसते आणि चिकट्याला धरायला काटे मिळतात. निपलसाठी होल सॉ (मोठं गोल भोक कापणारी दातेरी वाटी) वापरला आणि आतून-बाहेरून नट आवळले. वेल्डिंगची गरज पडली नाही.

पहिल्यांदा पेटवलं ते मांसाशिवाय. आतून तेलाचा पातळ हात फिरवला होता. तो भाजून पक्का व्हायला हवा होता. त्याहीपेक्षा मला हवा कुठून कुठे जाते हे डोळ्यांनी बघायचं होतं. त्यासाठी पेटती उदबत्ती हे फार चांगलं साधन आहे. निपलच्या तोंडाशी धरली की धूर सरळ आत ओढला जातो. किती झटकन, त्यावरून खेचेचा अंदाज येतो. झाकणाच्या भोकाशी धरली की धूर वर फेकला जातो. खरी मौज झाकणाच्या कडेला. तिथली फट पूर्ण बंद कधीच नसते. उदबत्तीचा धूर तिथे आत जातो, बाहेर ढकलला जातो की नुसता डुलतो?

याचं उत्तर भोकांच्या मापात आहे. पिंपात तळाशी दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, म्हणून हवा आत येते. वर तो बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, म्हणून धूर बाहेर पडतो. मध्ये कुठेतरी एक पातळी अशी असते की आत-बाहेर दाब सारखा. बाहेरची वाट अरुंद केली की ही पातळी खाली उतरते, आणि तिच्या वरची प्रत्येक फट, प्रत्येक स्क्रूचं भोक, थर्मामीटरची कड धूर बाहेर टाकू लागते. बाहेरची वाट मोकळी ठेवली की पातळी वर सरकते. माझ्या मापांत एकच निपल उघडा असताना ढोबळ हिशेबाने ती झाकणाखाली पाचेक सेंमीवर येते. उदबत्ती तेच सांगत होती: कडेच्या फटीपाशी धूर जेमतेम हलत होता. मग मी आठपैकी पाच भोकं झाकून पाहिलं. थोड्याच वेळात कडेच्या फटीतून धुराची झालर दिसू लागली. झाकण नीट बसत नाही म्हणून अनेकदा पट्ट्या, गास्केट लावण्याची घाई होते. फट बुजवण्याआधी भोकं पुरेशी आहेत का, हे बघितलेलं बरं.

इथे एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. वाट एकच आहे. खालून अडवली काय नि वरून अडवली काय, आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा तेवढीच कमी होणार. मग आच कमी करायला खालचाच व्हॉल्व्ह फिरवा, वरची भोकं उघडीच ठेवा, असा आग्रह का? शांत हवेत आणि पूर्ण हवाबंद पिंपात खरोखरच फार फरक पडणार नाही. पण पिंप हवाबंद नसतं आणि हवा शांत नसते. वरून अडवलं तर एक म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे फटींतून धूर गळतो. दुसरं कारण जास्त वजनदार आहे. खाली तीन तोंडं उघडी आणि वर वाट बंद अशी अवस्था असेल, तर वारा एका निपलमधून शिरतो आणि दुसऱ्यातून निघतो, निखाऱ्यांवरून आडवा. त्याला झाकणाशी काही देणंघेणं नसतं. वर कितीही झाका, खाली कोळसा फुलतच राहतो. खालची तोंडं बंद असतील तर वाऱ्याला अशी आडवी वाट मिळत नाही. म्हणून नियंत्रण खाली, आणि तेही शक्यतो एकाच तोंडावर.

यातूनच पुढची सवय लागली. स्मोकर मांडताना आधी वारा कुठून येतो ते बघायचं आणि बॉल व्हॉल्व्हचं तोंड वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, आडोशाच्या बाजूला ठेवायचं. आधीचे दोन आकडे आठवा: वाऱ्याकडे तोंड करून ठेवलेल्या निपलवर हलक्या झुळुकीनेही खेच दुप्पट होते, आणि झुळूक थांबली की परत निम्मी. आच वर-खाली नाचते आणि माणूस व्हॉल्व्ह फिरवत बसतो. आडोशाच्या बाजूला हा दाब येत नाही. वारा जास्त असेल तर पिंपापासून हातभर अंतरावर पत्र्याचा अडसर उभा करतो. पिंपाला चिकटवून नाही, कारण मग त्या खोबणीत वारा घुमतो.

बॉल व्हॉल्व्हचा दांडा अर्धा फिरवला म्हणजे हवा अर्धी झाली, असं होत नाही. गोळ्यातलं भोक आणि पाइपचं भोक एकमेकांवरून सरकतात. निम्म्या फेरीवर उघडी जागा निम्म्यापेक्षा बरीच कमी असते. बंद होण्याच्या जवळ तर केसभर फिरवण्यानेही मोठा फरक पडतो. मी दांड्याखाली पत्र्यावर खुणा केल्या आणि कोणत्या खुणेवर आच कुठे स्थिरावते ते लिहून ठेवलं. त्या खुणा फक्त या पिंपाच्या. दुसऱ्याच्या खुणा उचलून उपयोग नाही.

आच मी १०५ ते १३५ अंशांच्या दरम्यान ठेवतो. वर चढताना पकडणं महत्त्वाचं. ११० वर पोचल्यावर व्हॉल्व्ह आवळायला सुरुवात केली तर १२० वर थांबते. १२० होऊ दिली आणि मग आवळलं, तर तोवर जास्तीचा कोळसा पेटलेला असतो. तो विझत नाही, नुसता चिडतो. पिंपाचा पत्रा पातळ असला तरी पेटलेला कोळसा थंड व्हायला फार वेळ घेतो. म्हणून टोपलीत न पेटलेला कोळसा भरून त्यावर थोडेसेच फुललेले निखारे ठेवायचे आणि आग वरून खाली हळूहळू उतरू द्यायची. थर्मामीटर पिंपाच्या भिंतीतला वेगळं सांगतो, जाळीच्या मध्यावरचा वेगळं. भिंतीजवळ बहुधा कमी दिसतं. मांस जिथे आहे तिथलं माप खरं. म्हणून तार असलेला प्रोब जाळीवर लावतो.

झाकण उघडणं ही हवेच्या दृष्टीने मोठी घटना आहे. मोठं तोंड उघडलं की मध्यातून गरम हवा वर निसटते आणि कडेने थंड हवा थेट निखाऱ्यांवर कोसळते. ठिबकलेली चरबी भडकू शकते. बंद केल्यावर आच आधीपेक्षा वर जाते ती यामुळे. उघडण्याआधी मी व्हॉल्व्ह मिटतो, काम उरकतो, झाकण लावतो आणि आच उतरू लागली की व्हॉल्व्ह परत खुणेवर आणतो.

धुराबद्दल. पेटवल्यावर सुरुवातीला पांढरा, दाट, रटरटणारा धूर येतो. लाकूड तापतंय पण जळत नाही, अशी ती अवस्था. त्यात अर्धवट जळालेले मोठे थेंब आणि वाफ असते. हाच धूर थंड पत्र्यावर आणि मांसावर बसून कडवट, जिभेला झिणझिण्या आणणारी चव देतो. हवा पुरेशी मिळू लागली की धूर पातळ होतो, निळसर दिसतो. कण इतके बारीक होतात की ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. मी या निळसरपणाची वाट बघतो आणि मगच मांस जाळीवर ठेवतो. धूर दाटच राहिला तर कारण बहुतेक वेळा तीनपैकी एक निघतं: लाकूड ओलसर आहे, लाकूड एकाच वेळी फार टाकलंय, किंवा हवेची वाट कुठेतरी अडली आहे. जाळीवर काठोकाठ मांस पसरलं तरी वाट अडते. भोवतीने दोन-तीन बोटं जागा मोकळी सोडावी लागते. झाकणातल्या भोकांचा हिशेब कितीही चोख असला तरी जाळीनेच रस्ता बंद केला तर तो वाया जातो.

मी झाकणावर चिमणी लावूनही पाहिली. सिद्धान्ताने ती हवीहवीशी वाटते: ३० सेंमीची चिमणी आतली हवा गरम राहिली तर खेच सुमारे एक-तृतीयांशाने वाढवते. पेटवताना ते जाणवतं, आग लवकर धरते. पण एवढ्या मंद प्रवाहात चिमणीचा पत्रा थंड राहतो, धुरातली वाफ आणि चिकटा आतून गोठतो आणि काळे थेंब खाली मांसावर पडतात. ज्या आचेवर हा स्मोकर चालतो तिथे जास्तीच्या खेचेची गरजही नसते. तीन निपल उघडले की पिंप नको तितकं तापू शकतं. चिमणी काढली, भोकंच ठेवली. मोठ्या, आडव्या स्मोकरमध्ये, जिथे आग एका टोकाला आणि मांस लांब असतं, तिथे चिमणीचं स्थान वेगळं आहे.

पाऊस आला तर उघड्या भोकांतून पाणी थेट आत पडतं. त्यावर प्रत्येक भोकावर लहान टोपी तरंगती बसवता येते. ती किती वर उचलायची याचा सोपा नियम आहे: भोकाच्या व्यासाच्या चौथ्या भागाइतकी फट ठेवली की बाजूने मिळणारी वाट भोकाइतकीच भरते. १६ मिमीच्या भोकाला ४ मिमी. मी ८ ठेवली, कारण चिकटा टोपीलाही बसतो.

स्वयंपाक संपल्यावर याच भोकांना उलटं काम असतं. सगळी हवा तोडली की कोळसा गुदमरून विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी वापरता येतो. त्यासाठी निपलची टोपणं आणि झाकणावरची आठही भोकं बंद व्हायला हवीत. भोकांवर चुंबकाच्या चकत्या सोयीच्या पडतात, पण चुंबक काळ्या फेराइटचे घ्यावेत. चकचकीत निओडिमियमचे नेहमीचे चुंबक ८० अंशांच्या पुढे ताकद गमावू लागतात आणि गरम झाकणावर ते टिकत नाहीत. फेराइट २५० अंशांपर्यंत तग धरतं. आधी निपल बंद करायचे, काही वेळ वरची भोकं उघडी ठेवायची म्हणजे आत साचलेला धूर निघून जातो, आणि मग चकत्या लावायच्या. पिंप पूर्ण थंड होईपर्यंत झाकण उचलायचं नाही. आतला कोळसा विझलेला दिसला तरी हवा मिळताच परत धरू शकतो, आणि कार्बन मोनॉक्साइड तोवर आत असतोच. दुसऱ्या दिवशी राख काढताना निपलची तोंडं आतून बोट फिरवून तपासतो आणि झाकणाच्या भोकांतून १६ मिमीच्या ड्रिलचा दांडा हाताने फिरवून काढतो. दांडा अडला तर चिकटा बसला आहे, खरवडायचा. सहज निघाला तर पुढच्या वेळेसाठी भोकं तयार आहेत.